पडता वाडा आणि ताब्याचा हक्क

पेशवाईच्या उत्तरार्धात किंवा अव्वल इंग्रजीत बांधलेल्या पुण्या-वाईकडील एखाद्या वाड्याची पडझड ज्याने जवळून न्याहाळली असेल, त्याला हे ठाऊक असते की तिचा आरंभ पायात किंवा भिंतीत होत नसून बहुधा छपरात होतो. पावसाळ्यापूर्वीची शाकारणी एखाद्या वर्षी राहून जाते, वळचणीजवळची दोनचार कौले सरकतात, आणि त्या फटीतून उतरणारे पाणी वाशावरून ओघळत भिंतीत रुतलेल्या तुळईच्या टोकाशी जाऊन मुरते. बाहेरून सागवान ठणठणीत दिसत असता आतील टोक कुजत राहते, काही पावसाळ्यांनी तुळई खचते, तिच्यावरील पाटणई कलते, पांढऱ्या मातीची भिंत ओल धरून पोट काढते. आणि ज्या कामाला पहिल्या वर्षी एक गवंडी, एक सुतार आणि काही शेकडा कौले पुरली असती, त्याच कामासाठी पुढे संबंध चौक उतरवून घ्यावा लागतो. या क्रमातील नेमक्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या खर्चाने राज्यसंस्थेने हस्तक्षेप करावा, आणि मालक ऐकत नसेल तर वास्तू त्याच्या हातून सक्तीने विकत घ्यावी काय, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे.

मालकाकडे पाहताना प्रथमच एक विवेक करावा लागतो. दुर्लक्ष करणारा प्रत्येक घरमालक लोभी असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. मुंबई इलाख्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या दरांशी जखडून टाकली आणि ती पुढे दशकानुदशके तशीच राहिली. तेव्हा ज्या वाड्याचे महिन्याचे उत्पन्न एका सुताराच्या दिवसाच्या मजुरीलाही पुरत नसे, त्याची शाकारणी मालकाने कोठून करावी, या प्रश्नाला कायद्यापाशी उत्तर नव्हते. प्रमाणित भाड्याविषयीच्या या तरतुदी कालगतीने अवाजवी झाल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली स्पष्टपणे नमूद केले. यात वारसांची भर पडते. सातबारावर किंवा मिळकतपत्रिकेवर वीसपंचवीस नावे, त्यांतील निम्मी परगावी, वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात तुंबलेला, आणि कौलांचे पैसे द्यायला कोणीच पुढे येत नाही, ही स्थिती महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेत दाखवता येईल. परंतु दुसऱ्याही जातीचा मालक असतो. जमिनीचा भाव इमारतीच्या कैक पट झाला आहे हे त्याला पक्के माहीत असते, वास्तू यादीत असल्यामुळे ती पाडण्याची परवानगी मिळणार नाही हेही माहीत असते, आणि म्हणून जे काम कुदळीने करता येत नाही ते तो पावसाकडून करवून घेतो. असमर्थ आणि हेतुपुरस्सर दुर्लक्ष करणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणारा कायदा पहिल्यावर जुलूम करतो आणि दुसऱ्याला मोकळे सोडतो.

हा भेद कलमांत उतरवण्याचा सर्वांत काळजीपूर्वक प्रयत्न इंग्लंडात झाला. तेथे १९६८ च्या नगररचना कायद्याने ऐतिहासिक वास्तूंच्या यादीला खरे बळ दिले, १९७१ च्या कायद्यात त्या तरतुदी एकत्र आल्या, आणि आज यादीतील वास्तू व संरक्षित क्षेत्रे यांविषयीचा १९९० चा स्वतंत्र कायदा लागू आहे. त्याच्या ४७ व्या कलमान्वये स्थानिक नियोजन प्राधिकरणाला यादीतील दुर्लक्षित वास्तू मंत्र्यांच्या मंजुरीने सक्तीने खरेदी करता येते. परंतु ४८ वे कलम त्या आधी एक पायरी बंधनकारक करते, ती म्हणजे दुरुस्तीची नोटीस. वास्तूच्या योग्य जतनासाठी कोणती कामे वाजवीपणे आवश्यक आहेत त्यांचा तपशील त्या नोटिशीत द्यावा लागतो, कामे न झाल्यास काय परिणाम होतील तेही त्याच कागदात समजावून सांगावे लागते, आणि निदान २ महिने वाट पाहिल्याशिवाय संपादनाची कारवाई सुरू करता येत नाही.

या नोटिशीचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. तिला जोडलेल्या परिशिष्टात छपराच्या कोणत्या उतारावरील पत्रे किंवा कौले बदलायची, कोणते पन्हळ मोकळे करायचे, कोणत्या खोलीतील वाळवी-बुरशी लागलेले लाकूड कापून त्या जागी कोणत्या जातीचे लाकूड जोडायचे, चुन्याची दर्जभरणी कोठे करायची, असे एकेक काम नमूद केलेले असते. ‘आपली इमारत धोकादायक झाली आहे, सबब खबरदारी घ्यावी’ अशा मोघम मजकुराची नोटीस तेथे न्यायासनापुढे टिकणार नाही. मालकाला आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे कळले पाहिजे, आणि ते त्याने केले की नाही हे तिऱ्हाईताला ताडून पाहता आले पाहिजे, हे या तरतुदीचे मर्म आहे.

मालकाची बाजू कायद्याने मोकळी ठेवली आहे. संपादनाच्या आदेशाची नोटीस बजावल्यापासून २८ दिवसांत त्याला दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात अर्ज करून, वास्तूच्या जतनासाठी आपण वाजवी उपाय योजले आहेत असे दाखवता येते, आणि न्यायालयाची खात्री पटली तर पुढील कारवाई तेथल्या तेथे थांबते. निकाल विरुद्ध गेला तर वरच्या क्राउन न्यायालयात अपील आहे. मंत्र्यांपुढे हरकत नोंदवून चौकशीची मागणी करता येते. मंत्र्यांनी आदेश कायम केल्यावरही, आदेश अधिकारकक्षेबाहेरचा आहे किंवा कायद्यातील कार्यपद्धती पाळली गेलेली नाही या मुद्द्यांवर ६ आठवड्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते. ही मुदत मात्र कठोर आहे, आणि ती चुकली की हक्क बुडतो. १९९८ च्या मानवाधिकार कायद्यानंतर मिळकतीच्या शांत उपभोगाचा आणि राहत्या घराचा हक्कही या वादांत येऊ लागला. त्यामुळे सार्वजनिक हिताची निकड खरोखर प्रबळ आहे, हे प्राधिकरणाला कागदोपत्री सिद्ध करावे लागते.

या सर्व वादांत सर्वाधिक उद्धृत होणारा निर्णय लॉर्ड्स सभागृहाने १९८९ साली रॉबिन्स प्रकरणात दिला. केंट परगण्यातील ॲशफर्ड नगराच्या हद्दीत यादीत नोंदलेली एक जीर्ण पवनचक्की होती. नगरपरिषदेने दुरुस्तीची नोटीस दिली, कामे झाली नाहीत, आणि परिषदेने सक्तीच्या खरेदीचा आदेश काढला. मालकपक्षाचा आक्षेप कुशाग्र होता. तो असा की नोटिशीत जी कामे लिहिली आहेत त्यांपैकी काही जतनाच्या पलीकडे जाऊन जीर्णोद्धारात मोडतात, म्हणजे जे पूर्वीच नष्ट झाले आहे ते नव्याने उभे करण्यास सांगतात. कायद्याने केवळ जतनाची कामे सांगण्याची मुभा दिली असल्यामुळे नोटीस अवैध ठरते, आणि नोटीस अवैध तर तिच्यावर उभारलेला संपादनाचा आदेशही अवैध.

न्यायमूर्तींनी या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य केला आणि अर्धा फेटाळला, आणि दोन्ही अर्धे सारखेच महत्त्वाचे आहेत. जतनाची मर्यादा त्यांनी कालदृष्ट्या आखून दिली: वास्तू ज्या दिवशी यादीत नोंदली गेली त्या दिवशी ती ज्या स्थितीत होती, त्या स्थितीपर्यंतची दुरुस्ती नोटिशीने मागता येते, त्यापूर्वीच हरपलेले वैभव मालकाच्या पैशाने परत आणण्याची मागणी करता येत नाही. परंतु नोटिशीत एखाददुसरे काम या मर्यादेबाहेर गेले म्हणून संबंध नोटीस रद्द होत नाही. जी कामे मर्यादेत बसतात तेवढ्यापुरती ती वैध राहते, आणि ती कामेही मालकाने केली नसतील तर त्यांच्या बळावर संपादन कायम होऊ शकते. माझ्या मते या निर्णयाची थोरवी त्याच्या प्रमाणबद्धतेत आहे. त्याने मालकाला अतिरिक्त मागणीपासून वाचवले आणि परिषदेला कारकुनी चुकीपासून वाचवले. आणि वास्तू यादीत येताच तिच्या स्थितीचे सविस्तर टिपण व छायाचित्रे करून ठेवण्याचे महत्त्व त्याने ओघानेच प्रस्थापित केले, कारण तो दप्तरातील कागद नसेल तर पुढे त्या दिवसाची स्थिती सिद्ध करणार कशाने?

मोबदल्याच्या बाबतीत या कायद्याने लोभी आणि असमर्थ यांतील भेद उघडपणे केला आहे. एरवी मालकाला बाजारभावाने किंमत मिळते. परंतु वास्तू पाडता यावी आणि जागेचा विकास करता यावा या उद्देशाने ती जाणूनबुजून मोडकळीस येऊ दिली, असे प्राधिकरणाचे मत झाले, तर ५० व्या कलमान्वये किमान मोबदल्याचा निर्देश मागता येतो. तो मंजूर झाल्यास किंमत ठरवताना त्या जागेवर कोणत्याही विकासाची परवानगी मिळणार नाही असेच गृहीत धरले जाते, आणि ज्या वाढीव मोलावर डोळा ठेवून छप्पर गळू दिले ते मोल हिशेबातून वगळले जाते. हा निर्देश अर्थातच कठोर आहे, आणि म्हणून त्याविरुद्धही दंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र दाद आहे; हेतू सिद्ध करण्याचे काम सोपे नसल्यामुळे त्याचा वापर क्वचितच होतो. तरीही नुसत्या त्याच्या अस्तित्वाने पुष्कळ मालक वाटाघाटीस तयार होतात.

दावा चालू असेपर्यंत छपराचे काय, याही प्रश्नाचे उत्तर त्या कायद्यात आहे. ५४ व्या कलमाखाली ओसाड पडलेल्या वास्तूत, किंवा तिच्या ओसाड भागात, ७ दिवसांची नोटीस देऊन प्राधिकरण तातडीची कामे स्वतः करू शकते, म्हणजे ताडपत्री घालणे, टेकू देणे, पाणी आत शिरू न देणे. आणि तो खर्च मालकाकडून वसूल करू शकते. वसुलीने मालकावर संकट ओढवत असेल तर त्यालाही मंत्र्यांकडे गाऱ्हाणे मांडता येते. शिवाय नगरपरिषदा स्वतः वाडे सांभाळण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. त्या आधीच एखाद्या वास्तुजतन न्यासाशी करार करून ठेवतात आणि ताबा मिळताच मिळकत त्याच्या हवाली करतात.

आपल्याकडे वळले असता प्रथम आश्चर्य वाटते ते हे की सक्तीच्या खरेदीचा अधिकार येथे पुष्कळ आधी आला. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत संमत झालेल्या १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याच्या १० व्या कलमात, संरक्षित स्मारक नष्ट होण्याची, त्याची हानी होण्याची किंवा ते मोडकळीस येण्याची भीती असल्यास ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेता यावे, आणि स्मारकाचे जतन हेच त्या कायद्यातील सार्वजनिक प्रयोजन समजावे, अशी तजवीज होती. धार्मिक विधींसाठी वेळोवेळी वापरात असलेली स्मारके त्यातून वगळली होती, जसा इंग्लंडातही उपासनेत असलेल्या चर्चना अपवाद आहे. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या कायद्याने १३ व्या कलमात हाच अधिकार केंद्र सरकारला दिला. परंतु हा अधिकार संरक्षित म्हणून घोषित झालेल्या स्मारकांपुरता आहे. पेठेतील वाडा, कोकणातील खोताचे घर, गिरगावातील लाकडी सज्जांची चाळ यांना तो बहुधा स्पर्शही करत नाही. त्यांच्यासाठी आहे तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, ज्यात आरक्षण टाकून १२६ व्या कलमाने जागा संपादन करता येते. पण १० वर्षे उलटूनही संपादन झाले नाही तर मालकाने खरेदीची नोटीस द्यावी आणि नेमलेल्या मुदतीत हालचाल न झाल्यास आरक्षण संपुष्टात यावे, असे १२७ वे कलम सांगते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हालचाल म्हणजे कचेऱ्यांमधील पत्रव्यवहार नव्हे, तर संपादनाकडे खरोखर नेणारे पाऊल. आराखड्यात रंग भरून स्वस्थ बसणाऱ्या कित्येक नगरपालिकांची आरक्षणे या एका वाक्याने धुऊन गेली.

राज्यघटनेच्या बाजूने पाहता, १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मिळकतीचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून अनुच्छेद ३००-अ मध्ये ठेवला, आणि तेव्हापासून हा हक्क दुबळा झाला असा समज पसरला. तो समज १६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात दूर केला. महानगरपालिकेने आपल्या कायद्यातील ज्या कलमाचा आधार घेऊन खासगी जागा संपादन केल्याचा दावा केला होता, ते कलम संपादनाचा अधिकार देतच नव्हते. न्यायालयाने संपादन फेटाळताना ३००-अ च्या पोटातील हक्क उलगडून सांगितले: नोटीस मिळण्याचा, म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा, सकारण निर्णय मिळण्याचा, केवळ सार्वजनिक प्रयोजनासाठीच संपादन होण्याचा, रास्त मोबदल्याचा, विनाविलंब कार्यपद्धतीचा आणि प्रक्रिया तडीस नेली जाण्याचा. शेवटचे दोन हक्क जुन्या घरांच्या संदर्भात विशेष मोलाचे आहेत, कारण येथे विलंबाने मालकाचे नुकसान होते आणि वास्तूचाही घात होतो.

प्रयोजनाची परीक्षा न्यायालये किती बारकाईने करतात याचे उदाहरण चेन्नईचे. तमिळनाडू सरकारने जयललिता यांचे ‘वेद निलयम’ हे निवासस्थान स्मारकासाठी संपादन केले होते. मद्रास उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते रद्द केले, कारण मरीना किनाऱ्यावर एक स्मारक उभे असता दुसऱ्याचे सार्वजनिक प्रयोजन त्याला पटले नाही. मुंबईतील उपकरप्राप्त इमारतींचा वाद याहून फार मोठा आहे. म्हाडा कायद्यात १९८६ साली घातलेल्या आठ-अ प्रकरणाने, मोडकळीस आलेल्या इमारतीतील ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेसाठी ती इमारत मासिक भाड्याच्या १०० पट रकमेत संपादन करण्याची सोय केली. गोठलेल्या भाड्याची १०० पट म्हणजे जमिनीच्या किमतीचा किती क्षुल्लक अंश होतो, हे सांगण्याची गरज नाही. मालकांचे आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने १९९१ साली फेटाळले, आणि त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न ९ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकालात काढला: प्रत्येक खासगी मिळकत ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. प्रश्न उत्तरित होईपर्यंत तेहतीस वर्षे गेली.

पुण्याच्या भिडेवाड्याची कथा मात्र सविस्तर सांगितलीच पाहिजे. बुधवार पेठेत, दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर उभ्या असलेल्या या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली. भारतीयांच्या हातून मुलींसाठी निघालेल्या शाळांमध्ये तिचे स्थान अग्रगण्य आहे. तळमजल्यावर दुकाने थाटलेली, मधले मजले रिते, कठड्यांचे लाकूड झडलेले, दर्शनी भिंतीवर फलकांची गर्दी, अशा अवस्थेत तो वाडा अनेक वर्षे रस्त्यावरील लाखो माणसांच्या नजरेसमोर होता. पुणे महानगरपालिकेने २००६ साली ती जागा घेऊन राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरवले. मालकपक्ष आणि भाडेकरू न्यायालयात गेले, आणि सुमारे १३ वर्षे तो वाद उच्च न्यायालयात राहिला. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महानगरपालिकेच्या बाजूने निकाल दिला, ३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, आणि ४ डिसेंबरच्या रात्री पोलीस बंदोबस्तात ताबा घेऊन महानगरपालिकेने तो वाडा जमीनदोस्त केला.

स्मारक व्हावे ही मागणी सर्वस्वी न्याय्य होती, आणि ज्यांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली त्यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. ज्या दुकानदारांची रोजीरोटी त्या तळमजल्यावर अवलंबून होती, त्यांना न्यायालयात जाण्याचा पुरा अधिकार होता, हेही तितकेच खरे. परंतु ज्या जोत्यावरून, ज्या जिन्यावरून त्या पहिल्या मुली शाळेत गेल्या असतील, त्यांतले काय टिकवता आले असते, हा प्रश्न २००६ मध्ये विचारता येण्याजोगा होता आणि २०२३ मध्ये राहिला नव्हता. कायद्यापाशी जागा घेण्याचे साधन होते. घर राखण्याचे साधन नव्हते. वाद चालू असताना वाड्याची शाकारणी कोणी करावी, हे सांगणारे एकही परिणामकारक कलम महानगरपालिकेच्या हाती नव्हते. महानगरपालिका कायद्याच्या २६४ व्या कलमात मोडक्या इमारतीविषयी नोटीस देण्याची तरतूद आहे आणि तीत दुरुस्तीचाही पर्याय आहे. परंतु त्या कलमाला चिंता आहे ती रस्त्याने जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेची, वास्तूच्या मोलाची नव्हे, आणि प्रत्यक्षात त्या नोटिशीचा शेवट बहुधा उतरवण्याच्या हुकुमात होतो.

म्हणून १९६६ च्या नगररचना कायद्यात तीन गोष्टी घालणे अगत्याचे आहे, असे माझे निश्चित मत आहे: वारसा यादीतील प्रत्येक वास्तूच्या नोंदीच्या दिवशीच्या स्थितीचे अधिकृत टिपण, कामांच्या तपशिलासह दुरुस्तीची नोटीस, जी संपादनाची अनिवार्य पूर्वअट असेल, आणि दावा प्रलंबित असतानाही छप्पर व टेकू यांपुरती तातडीची कामे करण्याचा आणि खर्च मिळकतीवर बोजा म्हणून चढवण्याचा अधिकार. असमर्थ मालकासाठी कर्जाची किंवा अनुदानाची सोय त्याच कलमाला जोडून असली पाहिजे, नाहीतर नोटीस हा केवळ छळ होईल. आपल्या गावाच्या विकास आराखड्याचा मसुदा हरकती व सूचनांसाठी प्रसिद्ध होतो तेव्हा वाचकांपैकी जे जुन्या पेठांतून राहतात त्यांनी तो नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन उघडून पाहावा, आपल्या आळीतील वाडे वारसा यादीत आहेत की नाहीत ते तपासावे, आणि नसतील तर मुदतीच्या आत लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घेऊन ठेवावी.